बिनपट्टीचा कोबा

मी सांगते त्यातलं निम्मं खोटं असतं, हे आधीच कबूल करून टाकते. कुठलं निम्मं, ते मात्र सांगणार नाही. सोलापूरच्या उन्हाळ्याचा विषय निघाला की माझी सून हळूच उठून स्वयंपाकघरात जाते आणि मुलगा म्हणतो, आई, थोडं कमी कर. कमी काय करू? आमच्या वेळी चैत्र संपता संपता हवेला अशी तहान लागायची की बायका भांडणंसुद्धा सकाळी सकाळी उरकून घ्यायच्या, कारण ऊन चढल्यावर तोंड उघडलं की जीभ वाळून चपलेच्या पट्ट्यासारखी व्हायची. आई लुगडं पिळून तारेकडे निघायची आणि तारेपाशी पोचेपर्यंत ते वाळून गेलेलं असायचं. मग ती तशीच घडी घालून परत यायची. रांजणातलं पाणी आमच्या आधी हवा पिऊन जायची. माणसाचं, म्हशीचं, कढीपत्त्याच्या झाडाचं, सगळ्यांचं पाणी ती ओढून घ्यायची, आणि सगळ्यात आवडीनं ओढायची ती ओल्या सिमेंटचं. माणसाला तांब्याभर पाणी दिलं की तो पुन्हा हुशार होतो. सिमेंटला वेळेवर दिलं नाही तर मागाहून त्याच्यावर अख्खं उजनी धरण ओतलं तरी उपयोग नाही. हे मला पॉलिटेक्निकात कुणी शिकवलेलं नाही. पॉलिटेक्निकात मला कुणी जाऊच दिलं नाही, आणि ते का, तेच इथं लिहायचं आहे.

माझे वडील, आप्पा, कोबा करायचे. हल्ली सगळीकडे चकचकीत टाइल्स आल्यामुळे कोबा म्हणजे काय हे सांगावं लागतं. कोबा म्हणजे सिमेंटची जमीन. खाली खडी, वाळू आणि सिमेंटचा थर, वर लाल रंग कालवलेलं दाट सिमेंट, आणि ते ओलं असतानाच गुरमाळ्यानं, म्हणजे गुळगुळीत लोखंडी थापीनं, मागं मागं सरकत घोटत जायचं. आप्पांचा कोबा घोटून झाला की त्यात तोंड दिसायचं. आमच्या गल्लीतल्या न्हाव्याचा आरसा फुटला होता तेव्हा नवा येईपर्यंत तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, मालक, खाली बघा, मिशी सारखी झालीय का. एक मांजर त्या जमिनीतल्या स्वतःवर फिस्कारत दिवसभर उपाशी बसलं होतं. बाकीचे मिस्त्री कोब्यात काचेच्या पट्ट्या घालायचे. जमिनीचे चौकोन पाडायचे आणि दोन चौकोनांच्या मधे पातळ काच उभी बसवायची. सिमेंट वाळताना आक्रसतं. काचेपाशी त्याला मागं सरायला जागा मिळते आणि भेग मधून न जाता काचेच्या कडेला गप्प बसते. आप्पा म्हणायचे, पट्टी हे भित्र्याचं काम. त्यांचा कोबा बिनपट्टीचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच तुकडा, आणि त्यात केसाएवढी भेग सापडली तर मिशी उतरवीन असं ते चहाच्या टपरीवर, एसटीत, मयताला गेलेले असले तर तिथंही सांगायचे. मी बढाया मारते ते कुणाचं घेतलंय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आमचं मूळ मंगळवेढ्याचं, पण मी जन्मले सोलापुरात, विणकरांच्या गल्लीत. दोन्ही बाजूंना यंत्रमाग. सकाळी उठायचं ते खटाखट आवाजात आणि निजायचं तेही त्यातच. वीज गेली की इतकं भकास वाटायचं की पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागायची. घरात ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, वर तेलाची धार, आणि उन्हाळ्यात गार आंबील. आईच्या चटणीचा तिखटपणा असा की आप्पा ती खाऊन ज्या गिऱ्हाइकाशी बोलायचे ते भाव उतरवायचं नाव काढायचं नाही. शेजारच्या अंबक्काच्या घरी चार माग होते आणि त्यावर टॉवेल निघायचे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि संतापल्यावर दोन्ही एकदम, अशी ती बाई. तिच्याकडचे डागी टॉवेल, म्हणजे विणताना धागा चुकलेले, काठ वाकडे झालेले, आप्पा गठ्ठ्यानं घ्यायचे. दुसऱ्या गावचे मिस्त्री ओल्या कोब्यावर गोणपाट टाकतात. सोलापूरच्या कोब्यावर टॉवेल पडायचे. गोणपाटापेक्षा टॉवेल पाणी जास्त धरतो आणि त्याचे ठसे उठत नाहीत. मोठ्या घरचा कोबा झाला की ती खोली अशी दिसायची की जणू पन्नास पाव्हणे एकदम आंघोळीला गेलेत.

सिमेंटचं आणि हवेचं नातं मला कळलं ते गच्चीवर. आई कुरडया-पापड घालायची आणि राखण माझ्याकडे. पापड उन्हात टाकला की वरची बाजू आधी वाळते, खालची ओलीच असते. वरची आक्रसते, खालची तयार नसते, मग कडा उचलतात आणि पापड वाटीसारखा होतो. सावलीत ओल्या फडक्याखाली हळूहळू वाळवला तर सपाट राहतो. कोब्याचंही तेच, फक्त कोबा वाकायला गेला तर मोडतो. आणि पापडापेक्षा त्याचं एक जास्त आहे: सिमेंट नुसतं वाळत नाही, ते पाणी खाऊन घट्ट होतं. खायचं पाणी हवेनंच पळवलं तर ते अर्धपोटी राहतं, आणि त्या अशक्तपणातच त्याला आक्रसण्याचा ताण सोसावा लागतो. आप्पांनी एकदा कोकणात, समुद्राकाठच्या गावी, एका व्यापाऱ्याच्या घरचा कोबा केला होता. परत आले ते रुसूनच. म्हणाले, तिथं मिस्त्रीला काय कामच न्हाय, हवाच पानी मारतीया. तिथली हवा अशी भरलेली की कोब्यातलं पाणी बाहेर पडायला तयारच नाही. मुलाची डिप्लोमाची पुस्तकं मी पुढे चोरून वाचली तेव्हा हे सगळं त्यात आकृत्या काढून दिलेलं होतं. मला वाचताना हसू आलं आणि पुस्तक होतं तसं मी त्याच्या दप्तरात परत ठेवून दिलं.

मी बारावीची परीक्षा देऊन बसले होते. मला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता आणि ही गोष्ट मी गल्लीत इतक्या मोठ्यानं सांगत फिरले होते की मागवाले मला आत्ताच इंजिनेरबाई म्हणायला लागले होते. आप्पा मात्र विषय काढला की दाढी खाजवायचे. पोरीच्या जातीला सिमेंटचं शिक्षण, हे त्यांना म्हशीला चष्मा लावल्यासारखं वाटायचं. त्याच उन्हाळ्यात माझा मोठा भाऊ विलास याचं लग्न ठरलं. दिसायला राजबिंडा, कामाला हात न लावणारा, आणि आईच्या मते जगात असा मुलगा दुसरा झालेला नाही. मुलगी बार्शीकडची, घर तालेवार. त्यांना मुलगा पसंत होता, पण घर जुनं वाटलं, म्हणून आप्पांनी पुढं एक लांबरुंद हॉल बांधायला काढला आणि साखरपुडा त्याच हॉलमध्ये अक्षय तृतीयेला करायचा असं जाहीर करून टाकलं. लोकांचे कोबे करता करता स्वतःच्या हॉलचा कोबा राहून गेला, आणि तो पडला तो ऐन वैशाख वणव्याच्या तोंडावर.

मी म्हटलं, आप्पा, या हवेत एवढा मोठा तुकडा टिकायचा नाही, निदान मधून दोन पट्ट्या घाला. त्यांनी गुरमाळा खाली ठेवला. चार लोक होते तिथं, दोन मजूर, अंबक्का आणि तिचा नवरा, म्हणून त्यांना जोर आला.

"माज्या सोताच्या घरात पट्टी? सोयरे काय म्हनतील? आप्पाला घरचा कोबा जमला न्हाय?"

मी म्हटलं, मग पाणी माझ्या हातात द्या. मजूर नको, विलासदादा नको, मी सांगीन तसं. आणि भेग पडली नाही तर मला पॉलिटेक्निकात घालायचं. मी हे गमतीत म्हणाले होते की खरं, ते मला आता आठवत नाही. पण अंबक्का फटकन म्हणाली, हो म्हणा की आप्पा, घाबरताय काय. चार लोकांत घाबरतो म्हणवून घेणं हे आप्पांना फाशीपेक्षा वाईट. म्हणाले, "व्हय. साकरपुड्याच्या दिवशी जर ह्यात भेग दिसली न्हाय, तर मी सोता तुला स्कूटरवर बसवून पालटेक्निकात सोडतो. अन् दिसली तर पुन्ना नाव काढायचं न्हाय." मजुरांनी ऐकलं, अंबक्काने ऐकलं, तासाभरात गल्लीनं ऐकलं.

त्यानंतर मी जे पाणी मारलं तसं पाणी इंद्रानंसुद्धा कधी मारलं नसेल. आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. आईनं पिण्याची घागर कडीकुलपात ठेवली, कारण तिला शंका होती की मी तीसुद्धा कोब्याला पाजीन. आणि तिची शंका बरोबर होती. माझ्या आंघोळीचं पाणी मी परातीत उभं राहून घ्यायची आणि ती परात हॉलमध्ये न्यायची. भाजी धुतलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, अंबक्काकडून मागून आणलेलं पाणी, सगळं त्या टॉवेलांवर. नुसती जमीन ओली ठेवून भागत नाही हे मला पहिल्याच दुपारी कळलं. खिडकीतून येणारी झळ टॉवेल कडेनं पांढरे करत यायची. म्हणून मी खिडक्यांना आणि दाराला ओले टॉवेल टांगले. आत पाऊल टाकलं की गार, ओलसर, तळघरासारखा वास. अख्ख्या सोलापुरात त्या एका खोलीत कोकण होतं आणि ते मी केलं होतं. आप्पा येऊन कोपऱ्यातला टॉवेल उचलून बघायचे, बोटानं टिचकी मारायचे, आणि टॉवेल पुन्हा पसरून जायचे. एकदा मात्र जाता जाता म्हणाले, खिडकीचं डोस्कं बरं लडवलंस. इतकं कौतुक त्यांनी आईचं संसारभर केलं नव्हतं. त्या दिवशी मी डोळ्यांपुढं पॉलिटेक्निकाचं फाटक बघितलं, आणि त्या फाटकातून मी हत्तीवरून आत गेले.

साखरपुडा तोंडावर आला तेव्हा आई म्हणाली, चल, नवी पेठेत जाऊन बांगड्या आणि ओटीचं सामान आणू. मी नको म्हटलं. ती म्हणाली, एक दिस तुज्यावाचून जमीन मरत न्हाय. मी सकाळीच सगळे टॉवेल इतके भिजवले की त्यात मासे सोडता आले असते, खिडक्यांचे भिजवले, आणि विलासदादाला सांगितलं की दुपारी फक्त एकदा, फक्त एकदाच, झारीनं पाणी शिंपड. तो आरशात भांग पाडत होता. हो म्हणाला.

आम्ही रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा मागांच्या खटाखटीत एक नवा आवाज मिसळलेला होता. घरघर. मला वाटलं कुणाच्या घरी मंडप पडलाय. आमच्या अंगणात शिरले तर तारेवर टॉवेल. सगळे टॉवेल, पिळून, झटकून, ओळीनं वाळत घातलेले, खिडक्यांवरचेसुद्धा. आयुष्यात विलासदादानं केलेलं हे एकमेव घरकाम. आणि हॉलच्या दोन्ही खिडक्यांत मंडपवाल्याचे ते पुरुषभर उंचीचे पंखे, जे लग्नात नवरदेवाचा फेटा आणि भटजीची पोथी एकदम उडवतात, बाहेरची झळ ओढून आत फेकत होते. दादा दारात उभा होता, खूश. संध्याकाळी मुलीचा भाऊ हॉल बघायला येणार होता म्हणे. ओली जमीन बरी दिसत नाही, चमक दिसत नाही, म्हणून वाळवली. बघ की कशी झालीय, म्हणाला. आणि खरंच, इतकी सुंदर जमीन मी जन्मात बघितली नव्हती. लाल, कोरडी, त्यात पंख्याची पाती फिरताना दिसत होती. मी पंख्यांच्या वायरी ओढून काढल्या, तारेवरचे टॉवेल ओरबाडले, आईच्या कडीकुलपातली घागर कुलूप तोडून आणली आणि ओतली. पाणी पडलं आणि जमिनीनं ते तव्यानं प्यावं तसं प्यायलं. अंबक्का कुंपणाशी आली, म्हणाली, "मी बोललो वो त्याला, शकूला इचार म्हनून. तो म्हनतो, शकू काय इंजिनेर लागून गेली का."

सकाळी टॉवेल उचलले तर भेग होती. उंबऱ्यापासून निघून हॉलच्या मधोमध, मग खिडकीकडे वळलेली. उंबऱ्यापाशी केसाएवढी, आणि पुढं खिडकीसमोर, जिथं दोन्ही पंख्यांचा झोत एकत्र पडत होता, तिथं रुपया उभा राहील एवढी. तिथल्या दोन्ही कडा किंचित उचललेल्या, आईच्या उन्हात राहिलेल्या पापडासारख्या. आप्पा आले. उकिडवे बसले. गुरमाळ्याच्या मुठीनं ठोकत ठोकत गेले. खिडकीसमोर आवाज पोकळ आला तेव्हा थांबले. मग तिथंच बसून त्यांनी बिडी पेटवली, अर्धी ओढली. मी दारात उभी होते. मला वाटत होतं की आता हे उठतील आणि विलासदादाला गुरमाळ्यानं मारतील, आणि मी मधे पडून त्याला वाचवीन, इतकं सगळं मी मनात ठरवून ठेवलेलं होतं.

ते म्हणाले, "पानी कमी पडलं."

मी पंख्यांचं सांगितलं. टॉवेलांचं सांगितलं. अंबक्कानं बघितलंय म्हणून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझे वडील कुणाचं बोलणं मधे न तोडता ऐकून घेतायत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"म्हायती हाय मला," ते म्हणाले. "मंडपवाला सकाळी पंखे न्यायला आला तवाच कळलं. पर सोयऱ्यांनी इचारलं तर काय सांगू? ज्याला पोरगी देताय त्यानं बापाची जमीन फाडली? साकरपुडा त्याचा हाय, शकू. तुजं नाव घेतलं तर कुनाचं काय बिघडतंय."

"अन् पॉलिटेक्निक?"

"भेग पडली का न्हाय?"

"पडली."

"मग," ते म्हणाले, आणि बिडी त्या भेगेतच विझवली.

आईनं दुपारी माझ्यासाठी दपाटी केली. एरवी दपाटी म्हटलं की मी एकटी सात खायची. ताट पुढं सरकवताना ती म्हणाली, तोंड वाकडं करून बसू नको, पाव्हणे यायचेत. तिलाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, आणि दिवस मावळायच्या आत गल्लीभर झालं की शकूनं पाणी मारायला कंटाळा केला. मजुरांपैकी एक मला म्हणाला, इंजिनेरबाई, पुस्तक वाचून पानी मारलं का काय. आता मी साठी ओलांडली, पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोलून घेतलंय, पण ते एक वाक्य अजून चटणीतल्या खड्यासारखं दाताखाली येतं.

आप्पांनी खिडकीसमोरची रुंद भेग भरायला घेतली. भेगेच्या कडेकडेनं छिन्नीनं जमीन फोडली, लाल सिमेंट कालवून भरलं, घोटलं. मी म्हटलं होतं की यालाही ओलं ठेवा, पण आता माझं कोण ऐकतंय. नवं सिमेंट भरलं जुन्या, कोरड्या जमिनीत. जुन्यानं त्याचं पाणी खालून ओढलं, हवेनं वरून. ते आक्रसलं आणि दोन्ही काठांपासून सुटलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर एका भेगेच्या जागी दोन भेगा, आणि मधे हातभर लांबीची वेगळ्याच लाल रंगाची पट्टी. बिनपट्टीच्या कोब्याला अशी पट्टी मिळाली. मला हसू फुटलं. मी हसले तेव्हा आप्पांनी माझ्या तोंडात मारली. ती पहिली आणि शेवटची. लागलं काहीच नाही, पण ऐकू मात्र पंढरपूरपर्यंत गेलं असेल.

बारीक भेग खोबरेल तेल चोळून बुजवता आली. खिडकीपुढच्या पट्टीचं काय करायचं हा प्रश्न होता. सतरंजी टाकली असती तर काम झालं असतं, पण आप्पांनी सोयऱ्यांना कोब्याचं इतकं सांगून ठेवलं होतं की ते आधी जमीन बघायला आणि मग जमलं तर साखरपुड्याला येणार होते. झाकायची तर नाही आणि दिसू तर द्यायची नाही. तोडगा आप्पांनीच काढला. खिडकीपुढं एक छोटं बस्कर टाकायचं, त्यावर शकूनं बसायचं, पुढ्यात हळदीकुंकवाची ताटं, साखरेचा पुडा, नारळ. मुलाची बहीण ताटांपाशी बसलेली, कुणाला काय वावगं दिसणार? म्हणाले, कार्यक्रम संपेस्तवर उठायचं न्हाय. तहान लागली तरी न्हाय, लघवीला लागली तरी न्हाय. मला नवी साडी दिली, आईनं हाताला धरून बसवलं आणि साडीचा घोळ दोन्ही बाजूंनी पसरून दिला.

पाव्हणे आले. चपला काढून आत आले आणि खरोखरच आधी जमीन बघत राहिले. मुलीचे काका वाकून आपली टोपी सारखी करून बघू लागले. आप्पा भिंतीपासून भिंतीपर्यंत हात फिरवत सांगत होते, एकच तुकडा, बघा, पट्टी न्हाय काय न्हाय, आणि बोलता बोलता त्यांची नजर दर खेपेला माझ्यावर येऊन परत जायची. विलासदादा मधोमध पाटावर, फेटा बांधून. माझ्या खाली ती पट्टी मला बस्करातून टोचत होती. उचललेली कड होती ना. मला बोलता आलं नाही असा माझ्या आयुष्यातला तो एकच दिवस. एकदा उभी राहिले असते तर झालं असतं. तोंडानं सांगायचीही गरज नव्हती. दादाचं लग्न मोडलं असतं, आप्पांची मिशी गेली असती. मी ताटातल्या सुपाऱ्या नीट लावत बसले.

मुलीच्या आत्या माढ्याहून आल्या होत्या. जाड, ठसठशीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ऊसवाल्या घरच्या, एकुलता मुलगा लग्नाचा. त्या सगळा वेळ जमिनीकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. पुडा फुटला, पेढे वाटले, पोरं नाचली, बायका उठून फोटोला गेल्या, मी तिथंच. कुणीतरी सरबत आणलं, ते मी बसल्या जागी घेतलं. तेव्हा त्या आईला मोठ्यानं म्हणाल्या, "काय पोरगी हाय वो तुमची. मगाधरनं बघतीया, जागची हलली न्हाय. आताच्या पोरींचा पाय घरात ठरत न्हाय." आणि माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "ये गं बाळ, हितं माज्याजवळ येऊन बस."

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात टेकले, उठायला म्हणून टेकले की नाही, देवाला माहीत. आप्पा पुढं आले आणि हसत म्हणाले, "राहू द्या की आत्याबाई. लाजतीया. तिथंच बरी हाय ती."

आत्याबाई खूश झाल्या. आईकडून कुंकवाचा करंडा मागून घेतला, गुडघ्यावर हात देत उठल्या, नारळ आणि खण घेतला, आणि तो सगळा लाल, गुळगुळीत कोबा ओलांडून, मला कुंकू लावायला मी बसले होते तिथपर्यंत आल्या.